उघाडी कोणाच्या हाती? : भात, मासे आणि बांधावरच्या भाजीच्या अर्थकारणाची प्रस्तावना

गोव्याच्या खाजणात भाताचा लिलाव होत नाही, मानशीचा होतो. मानस म्हणजे नदीच्या बाजूच्या बांधात बसवलेले झडपांचे लाकडी दार; कोकणात तीच उघाडी. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने झडपा मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. दाराच्या आतल्या अंगाला खोल डोह असतो, त्याला पोंय म्हणतात. उधाणाच्या दिवसांत ओहोटीच्या वेळी दाराला जाळे लावले की पाण्याबरोबर बाहेर निघालेली कोळंबी, शेवटे, कालुंदरे त्यात येतात. हे जाळे लावण्याचा हक्क बोलीने विकला जातो आणि बोलीचा पैसा बांधाच्या डागडुजीसाठी कुळांच्या संघटनेकडे जमा होतो. निदान कागदावर तसे आहे.

आता बोली लावणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. त्याला खारे पाणी हवे, आणि तेही वर्षातले जास्तीत जास्त महिने. भात लावणाऱ्याला पीक उभे असताना ते एक दिवसही नको. बांधाला खांड पडली तर एकाचे पीक जाते आणि दुसऱ्याची कोळंबी वाढते. खांड पाण्याने पडली की फावड्याने, हा वाद खाजणकाठच्या गावांना नवा नाही. ज्याने मानशीला मोठी बोली लावली तो गावातला असेलच असे नाही आणि ज्याचे भात बुडाले त्याला बोलीच्या पैशातला वाटा मिळेलच असेही नाही.

लहान शेतावर भात, मासे आणि भाजी एकत्र घेण्याविषयीच्या पुस्तकाची सुरुवात भांडणापासून करणे काहींना रुचणार नाही. या विषयावरच्या पुस्तिकांत पहिल्या पानावर एक चित्र असते: मध्ये हिरवे खाचर, कडेला निळा चर, चरात हसरा मासा, बांधावर भोपळ्याचा वेल, आणि कोपऱ्यात एक बदकही. चित्रात खोटे काही नाही. फक्त त्यात माणसे नसतात, आणि असली तरी त्यांच्यापैकी जमीन कोणाची, पाणी कोणाचे, जाळे कोणाचे हे चित्रावरून कळत नाही. तीन उत्पन्नांची बेरीज शाळकरी पोरही करील. ती तिन्ही उत्पन्ने एकाच घरात येतात की तीन घरांत, यावर मात्र सगळा हिशोब उलटा होऊ शकतो. खाजणाचा इतिहास हेच सांगतो, केरळच्या पोक्कळी भातशेतीचा आणि बांगलादेशाच्या खाडीकाठचाही.

खाजणापासून सुरू करू, कारण ते जुने आहे आणि मराठी वाचकाला जवळचे. मांडवी, झुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांच्या काठाने मातीचे बांध घालून मिळवलेली ही जमीन गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर आहे, आणि तिचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. गोव्यातल्या भातजमिनीचे तीन थर मानतात: वरची मोरड, मधली खेर आणि तळाची खाजण. पावसाळ्याच्या पहिल्या सरी खाजणातले मीठ धुऊन काढतात, मग मोड आलेले बियाणे टाकतात. कोरगुटसारखे मीठ सोसणारे वाण तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. नव्या वाणांच्या मानाने उत्पन्न कमी, पण जिथे दुसरे काही उगवतच नाही तिथे तुलना कोणाशी करायची? जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान’ मालिकेतली काही वाणे काढली. भात कापले की मानस उघडायची. खारे पाणी आत येते, बरोबर मासळीची पिल्ले येतात, धसकटांवर वाढणाऱ्या शेवाळावर ती पोसतात. खारे पाणी तणही मारते आणि गाळाचे खत टाकून जाते. भाजी मात्र वरच्या थराला आणि बांधाला, जिथे गोडे पाणी पोचते तिथे. सांतेस्तेव बेटाची सात शिरांची भेंडी अशाच खाजणगावातली. तिच्यावरून बेटावरच्या लोकांना पडलेले टोपणनाव त्यांनी मिरवले आहे.

या व्यवस्थेत खते, औषधे, खाद्य यांवर जवळजवळ खर्च नाही. खर्च आहे तो एकच, बांध. आणि बांध हा एकट्याचा कधीच नसतो. माझ्या तुकड्यासमोरचा बांध मी कितीही भक्कम केला, तरी शेजाऱ्याचा फुटला की पाणी मला बुडवतेच. म्हणून गावकारी या ग्रामसंस्थेने, पुढे जिला कोमुनिदाद म्हटले गेले तिने, बांधाचे काम सामायिक ठेवले आणि मासेमारीचे उत्पन्नही सामायिक ठेवले. या दुसऱ्या गोष्टीकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले पाहिजे. मासळीचा पैसा ज्या थैलीत पडतो तिच्यातूनच बांध दुरुस्त होतो आणि बांध टिकला तरच मासळीवाल्यांचे भात टिकते. नफा आणि नुकसान एकाच ताळेबंदात असल्यामुळे खांड पाडून फायदा करून घेण्यात कोणालाच अर्थ नव्हता. हे काही सुवर्णयुग नव्हते. गावकारीत वाटा होता तो गावकारांच्या वंशजांना. चिखलात राबणाऱ्या कित्येकांना मजुरीपलीकडे काही नव्हते. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. पण जमिनीचा हक्क कुळाकडे गेला तेव्हा बांधाची जबाबदारी त्याच घट्टपणे कोणाकडे गेली नाही. कुळांच्या संघटना आल्या, लिलाव आले, बांध फुटला की सरकारकडे अर्ज करायची सवय आली. पुढे भाताचा भाव कोळंबीच्या भावाशी स्पर्धा करू शकेना, शेतीत राबायला तरुण मिळेनात, आणि पुष्कळ खाजणांत भात सुटले, मानशी राहिल्या.

केरळात एर्णाकुलम, आलप्पुळा आणि त्रिशूरच्या खाडीकाठी पोक्कळी भाताची हीच गोष्ट जरा वेगळ्या रीतीने घडली. तिथे ऋतूंची वाटणी नियमानेच ठरलेली आहे: पावसाळ्यात भात, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कोळंबी. उंच वाढणारे हे भात कापताना फक्त लोंब्या कापतात. उरलेला पेंढा पाण्यात कुजतो आणि कोळंबीचे खाद्य होतो. राज्य सरकारने ‘एक भात, एक मासा’ असे धोरणही आखले. तरीही पोक्कळीचे क्षेत्र घटतच गेले, कारण कोळंबीचा हंगाम ठेक्याने घेणाऱ्याला भाताच्या हंगामात रस नसतो. मालक शहरात, ठेकेदार बांधावर, आणि कापणीला माणूस नाही. पोक्कळीला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने तांदळाला नाव मिळते; कंबरभर पाण्यात उतरून कापणी कोणी करायची हा प्रश्न तो दाखला सोडवत नाही.

बांगलादेशाचे उदाहरण याहून कठोर आहे, आणि याहून उपयोगीही, कारण तिथे एकाच प्रदेशात दोन्ही वाटा शेजारी शेजारी दिसतात. नैर्ऋत्येकडच्या खुलना, सातखीरा, बागेरहाट भागात १९६० च्या दशकात मोठे किनारी बांध घातले गेले, ते भातासाठी. १९८० च्या दशकात कोळंबीची निर्यात वाढली तेव्हा त्याच बांधांना भोके पाडून खारे पाणी आत घेतले गेले. या खाऱ्या पाण्याच्या कोळंबीला तिथे बागदा म्हणतात. बागदाचे मोठे घेर, म्हणजे बांधांनी वेढलेली तळी, पुष्कळदा बाहेरच्या पैसेवाल्यांनी लहान शेतकऱ्यांची जमीन भाड्याने घेऊन, कधी न विचारताही, उभे केले. भात गेले, बांधावरची भाजी गेली, गुरांना गवत राहिले नाही. खुलनाच्या २२ क्रमांकाच्या पोल्डरमध्ये, म्हणजे बांधबंदिस्त भागात, भूमिहीनांनी याला विरोध केला. ७ नोव्हेंबर १९९० रोजी त्या विरोधात पुढे असलेल्या करुणामयी सरदार मारल्या गेल्या. त्या पोल्डरमध्ये खारी कोळंबी शिरली नाही.

तिथून फार दूर नाही अशा बागेरहाटच्या बाजूला गोड्या पाण्यातल्या गोलदा कोळंबीचे घेर आहेत. शेतकऱ्याने आपल्याच भातशेताच्या कडेने चर खणला, निघालेल्या मातीने बांध उंच केला. पावसाळ्यात गोलदा आणि कटला-रोहू, हिवाळ्यात मध्यभागी बोरो भात, आणि बांधावर बारा महिने भाजी, कारल्या-दोडक्यांचे मांडव थेट चराच्या पाण्यावर. गोलदालाही दोष आहेत. पिल्ले महाग, खाद्य महाग, त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज भरमसाट, आणि भाव परदेशी गिऱ्हाइकाच्या हातात. पण भाव पडलेल्या वर्षी भात घरात असते आणि भाजी बाजारात जात असते. बागदाचा भाव पडला तर त्या जमिनीवर दुसरे काही उभे नसते. जमीन आणि पाणी दोन्ही ज्याच्या हाती होते त्याने तीन पिके घेतली, ज्याच्याकडे फक्त भाड्याचा करार होता त्याने एक घेतले.

विद्यापीठांतून आलेले आकडे वाचताना ही पार्श्वभूमी मनात ठेवावी. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या चिंगत्येन परगण्यात भातखाचरात तांबड्या कार्प जातीचे मासे पाळण्याची परंपरा शतकांची आहे. २००५ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने तिला कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. तिथल्या खाचरांचा दीर्घ अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या भाताइतकेच भात मासे असलेल्या खाचरातही आले, पण कीटकनाशक ६८ टक्के आणि रासायनिक खत २४ टक्के कमी लागले. कारणेही तपासली गेली: मासा धांड्यांना धडका देतो तेव्हा तुडतुडे पाण्यात पडतात आणि त्याच्या पोटात जातात, तो तण खातो, आणि त्याच्या खाद्यातून सुटलेले नत्र भाताला मिळते. हे आकडे आपल्याकडच्या भाषणांत नेहमी येतात. येऊ द्यावेत. पण बचत तिथेच होते जिथे आधी खर्च होत असतो. कोकणातल्या ज्या खाचरात फवारणी जेमतेम होते, तिथे ६८ टक्क्यांची बचत कशातून काढणार? पंजाबच्या शेतकऱ्याला हा आकडा महत्त्वाचा, रोह्याच्या शेतकऱ्याला तितका नाही.

रोह्याच्या शेतकऱ्याचा हिशोब वेगळा मांडायला हवा. एक एकराचे, म्हणजे ४० गुंठ्यांचे, चौरस खाचर धरू. त्यात १० क्विंटल भात येते असे समजू. दहा टक्के जागेत, म्हणजे ४ गुंठ्यांत, एक मीटर खोल चर खणायचा. यातून सुमारे ४०० घनमीटर माती निघते. खाचराचा घेर साधारण २५४ मीटर. एक मीटर उंच आणि सरासरी दीड मीटर रुंद बांध भोवताली घातला तर ३८० घनमीटर माती लागते. म्हणजे माती पुरते, बाहेरून आणावी लागत नाही. पुस्तिका इथे थांबतात आणि भाताची जागा दहा टक्के घटली असे सांगतात. पण बांधही कुठेतरी बसतो! माथ्याला एक मीटर आणि तळाला दोन मीटर असा बांध पाच गुंठे खातो. जुना बांध आधीच सवा गुंठा व्यापून होता असे धरले तरी पावणेचार गुंठे नव्याने गेले. चर आणि बांध मिळून जवळजवळ आठ गुंठे, एकूण खाचराचा पाचवा हिस्सा. आणि कोकणच्या पावसात इतका उभा बांध टिकणार नाही, म्हणजे तळ आणखी रुंद. कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा आराखडा याबाबत प्रामाणिक आहे. त्यात बांधांना, डोहाला आणि चरांना जागा देऊन प्रत्यक्ष भाताला सुमारे दोन तृतीयांशच उरते.

पाचवा हिस्सा म्हणजे दोन क्विंटल भात. २०२५-२६ च्या २,३६९ रुपये हमीभावाने ४,७३८ रुपये. चर खणायला यंत्राचे पंधरा तास आणि ताशी बाराशे रुपये धरले तर १८ हजार. पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला ३,६००. व्याज सोडून दिले तरी ८,३३८ रुपये आधी भरून काढायचे, मग नफ्याची गोष्ट. मासा दीडशे रुपये किलोने विकला तर ५६ किलो. बोटुकली आणि कोंडा-पेंडेचा खर्च यावर. हे अवघड नाही, पण आपोआप होणारेही नाही. भाजीचे गणित त्यामानाने सोपे: बांधाच्या माथ्यावर अडीच गुंठे जमीन मिळाली, शिवाय चरावरचा मांडव, जो जमीन मागतच नाही. वाचकाने इथले प्रत्येक गृहीतक खोडून आपल्या गावचे दर घालावेत. गणिताची रीत तेवढी ठेवावी आणि बांधाखाली गेलेली जमीन विसरू नये.

बहुतेक हिशोब वर्षाच्या बेरजेवर संपतात. घर मात्र महिन्यांवर चालते. भात कार्तिकात एकदाच येते आणि त्यातले बरेचसे कणगीत जाते. रोकड लागते ती जूनमध्ये, शाळेची फी आणि लावणीची मजुरी एकदम येते तेव्हा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि आषाढात, विशेषतः श्रावण लागण्याआधीच्या आठवड्यात, मासळीला जो भाव येतो तो वर्षभरात क्वचितच येतो. त्याच वेळी खाचरातला मासा बोटाएवढा असतो! जूनअखेर सोडलेली बोटुकली भात कापेपर्यंत साडेतीन-चार महिन्यांची होते. कटला-रोहूसाठी हे वय बाजाराचे नव्हे. म्हणून चर नुसता चर न ठेवता त्याच्या एका टोकाला उन्हाळ्यातही पाणी धरील असा डोह हवा. त्यात मासा हिवाळा काढतो, उन्हाळा काढतो आणि बंदीच्या दिवसांत विकला जातो. जांभ्याच्या जमिनीत हे पाणी टिकत नाही, ही कोकणची खरी अडचण. ज्याच्या डोहाला तळाचा झरा आहे किंवा चिकणमाती आहे त्याच्याच कुवतीतली ही गोष्ट. इतरांनी लवकर वाढणारा सायप्रिनस (कार्प) घ्यावा, तो दिवाळीला विकावा आणि बंदीच्या भावाचा मोह सोडावा.

श्रावण लागला की बाजू पालटते. मासळीचा बाजार बसतो आणि भाजीचा उठतो. पावसाळ्यात घाटावरून भाजी कमी येते, त्यात उपासतापास, मग गौरी-गणपती. मांडवावरची पडवळे, शिराळी, काकड्या, दारचा भोपळा यांना याच महिन्यात गिऱ्हाईक असते. ही भाजी बाजारात नेणारी बहुधा घरातली बाई असते आणि तो पैसा तिच्या हातात राहतो; भाताच्या पैशाचे तसे होत नाही. तीन पिकांच्या एकत्रपणाचा खरा लाभ मला इथे दिसतो. उत्पन्न दुप्पट झाल्याच्या बातम्यांवर माझा फारसा विश्वास नाही. कोणत्या महिन्यात हात पसरावा लागला नाही, हे विचारले तर उत्तर जास्त खरे मिळते.

खाल्लेला मासाही हिशोबात धरला पाहिजे. पहिल्या पावसात ओढ्यावरून खाचरांत चढणारे मासे कोकणात पूर्वापार पकडले जातात. कुठे त्यांना चढणीचे म्हणतात, कुठे वलगणीचे. खाचरातल्या चिंबोऱ्या आहेतच. हे कोणी विकत घेतलेले नसते, म्हणून कोणत्याही पाहणीत ते येत नाही, आणि फवारणीने ते नाहीसे झाले तेव्हा तोटाही कोणाच्या वहीत चढला नाही. मासेपालनाने उत्पन्न किती ‘वाढले’ हे मोजताना आधी काय होते ते शून्य धरायची पद्धत आहे. ती सोयीची आहे, पण खरी नाही.

जोखमीबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. तीन पिके म्हणजे जोखीम तीन ठिकाणी विभागली गेली असे म्हणतात. भावाच्या बाबतीत ते बरोबर. भात, मासे आणि भाजी यांचे भाव एकदम पडत नाहीत. पण ही तिन्ही एकाच पाण्यावर आहेत. जुलैत नदीने पात्र सोडले की भात कुजते, मासे बांध ओलांडून शेजाऱ्याकडे किंवा थेट नदीत जातात आणि मांडव आडवा होतो. एका रात्रीत तिन्ही. शेजाऱ्याने खाचरात औषध मारले आणि त्याचे पाणी आपल्या चरात उतरले तरी मासे गेलेच. आपण स्वतःच भोपळ्यावर फवारले तरी तेच. विम्याचे दावे पिकाप्रमाणे वेगळे, खाती वेगळी, पंचनामा करायला येणारी माणसे वेगळी. बांधाची उंची गेल्या वीस वर्षांतल्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेवरून ठरवावी, आराखड्यातल्या आकड्यावरून नव्हे; आणि शक्य असेल तिथे शेजारच्या चार खाचरांनी मिळून चर करावा. एकट्याने चर करणारा शेजाऱ्यांच्या सवयींवर जगतो.

रायगडात या गोष्टी बोलताना खारेपाटाचा उल्लेख टाळता येत नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेतालगतच्या तळ्यांत जिताडा पाळतात. सिंधुदुर्गात आणि गोव्यात तोच चोणक. पावसाळ्यात खाडीत येणारी पिल्ले धरून तळ्यात सोडायची, लहान मासळीवर ती वाढू द्यायची. जिताडा मांसाहारी, कटल्यासारखा तो शेवाळावर किंवा कोंड्यावर जगत नाही, म्हणजे एका किलो जिताड्यासाठी कितीतरी किलो लहान मासळी लागते. पण भाव इतका की हे परवडते. याच पट्ट्यात चरी गावी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा सहा वर्षांचा शेतकरी संप झाला. खोताच्या जमिनीवर कुळाने घाम गाळून केलेल्या सुधारणेचे फळ कोणाचे, हा त्या संपामागचा प्रश्न होता, आणि खारजमिनीत सुधारणा म्हणजे मुख्यतः बांध. पुढे १९४८ चा आणि १९७९ चा असे खारभूमीचे कायदे झाले, बांधबंदिस्ती आणि उघाड्या सरकारी योजनेत आल्या. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने मीठ सोसणारी भाते दिली. तरी उधाणात खांड पडते, दुरुस्तीला एक हंगाम जातो, मग दुसरा. शेतात खारे पाणी खेळू लागले की तिवरे उगवतात, आणि तिवरे उभी राहिली की ती तोडता येत नाहीत. कांदळवनाचे संरक्षण योग्यच आहे, किनाऱ्याला त्याची गरज आहे. पण दुरुस्तीला उशीर एकाने करायचा आणि जमीन दुसऱ्याची जायची, ही वाटणी कोणत्या न्यायाची?

पूर्व विदर्भात हाच पेच गोड्या पाण्यात सापडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मालगुजारी, म्हणजे जमीनदारीच्या काळातले, तलाव भातासाठी बांधलेले. मासळी ढिवर या मासेमार समाजाची, उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या गाळात भाजी. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांना मिळू लागला. ऑक्टोबरात पाऊस दगा देतो तेव्हा भातवाल्याला तलावाचे पाणी सोडून हवे असते. मासेवाल्याला ते उन्हाळ्यापर्यंत राखून हवे असते. दोघेही गरीब आणि दोघांचेही म्हणणे खरे. तिथे कोणी नफेखोर ठेकेदार नाही, तरीही भांडण आहे, कारण पाणी सोडण्याचा निर्णय घेणाऱ्याच्या घरी यातले कोणतेच उत्पन्न येत नाही. ज्या गावांत तलावाच्या पाण्याची किमान पातळी शेतकरी आणि ढिवर एकत्र बसून ठरवतात, तिथे काम चालते.

सरकारी मदतीबद्दल थोडक्यात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली, त्याआधी राज्यात मागेल त्याला शेततळे आले. पैसा आहे. पण भाताचा अधिकारी कृषी खात्याचा, मासळीचा मत्स्य खात्याचा, आणि बांध खारजमिनीतला असेल तर तो जलसंपदा खात्याचा. तिन्ही पिके एका खाचरात घेणाऱ्याला तीन टेबलांपुढे उभे राहावे लागते, आणि प्रत्येक टेबलावर उरलेली दोन पिके अडचणीची ठरतात. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात मासे वाढतील, पण ते खाचराशी जोडलेले नाही. त्याचा भाताला उपयोग उपसून सोडलेल्या पाण्याइतकाच.

पुढच्या प्रकरणांत चराची मापे, बोटुकली सोडण्याचे प्रमाण, जातींची निवड, मांडवाची बांधणी हे सगळे तपशिलाने येते आणि ते वाचकाने तिथेच पाहावे. मात्र त्याआधी एक कागद तपासावा. महाराष्ट्रात जमीनधारणा सरासरी सव्वा हेक्टरच्या थोडी वर आहे, आणि जे कसतात त्यांतल्या अनेकांची जमीन स्वतःची नसते. १९४८ च्या कूळ कायद्याची धास्ती मालकांच्या मनात अजून आहे, म्हणून जमीन तोंडी बोलीवर, अर्धेलीने, एकेका हंगामापुरती दिली जाते. वर मांडलेल्या हिशोबात चराचा खर्च पाच वर्षांवर वाटला आहे. एका हंगामाच्या बोलीवर कसणाऱ्याने तो चर खणला तर १८ हजार त्याचे, आणि दुसऱ्या वर्षी मासे भरलेला डोह मालकाचा. मालक मुंबईत असेल तर तो चर बुजवूनही टाकील, प्लॉट विकताना खड्डा नको म्हणून. अशा वेळी कसणाऱ्याने बांधावरच्या भाजीपुरतेच थांबावे. ती एका हंगामात पैसे फेडते आणि नंतर मांडवाचे बांबू उचलून नेता येतात. चर खणायचाच असेल तर किमान पाच वर्षांचा लेखी करार हवा, आणि त्यात तीन गोष्टी नावानिशी असाव्यात: डोहातला मासा कोणाचा, बांध फुटला तर माती कोणी टाकायची, आणि उघाडी कोणत्या महिन्यात कोणाच्या सांगण्यावरून उघडायची.